खिशातील दिशादर्शकाची काटकसर
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



घरकुलाच्या बांधकामाचे छायाचित्र असो, रोजगार हमीच्या कामाची नोंद असो किंवा १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी असो; आज शासनाच्या अनेक नोंदींना स्थळाचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा आपल्या खिशातील स्मार्टफोन देतो. पडद्यावर अक्षांश-रेखांशांचे आकडे उमटतात आणि आपण ते निःशंकपणे स्वीकारतो. परंतु हे आकडे मिळविण्यासाठी फोनला बॅटरी खर्ची घालावी लागते आणि तो खर्च वाचविण्यासाठी तो नाना युक्त्या योजतो, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. ही काटकसर समजून घेतली, तर त्या आकड्यांवर किती भिस्त ठेवावी हेही उमगेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थान शोधताना फोन उपग्रहाकडे कोणताही संदेश पाठवीत नाही. तो केवळ ऐकतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. तेथून निघालेला संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, फोनच्या अंतर्भागातील विद्युत् कोलाहलापेक्षाही तो दबका असतो. जत्रेच्या गोंगाटात दुरून आलेली ओळखीची हाक हेरावी, त्याप्रमाणे फोनला प्रत्येक उपग्रहाचा ठरावीक संकेत पुनःपुन्हा ताडून पाहावा लागतो. असे किमान चार उपग्रह सापडले म्हणजे स्थान निश्चित होते. बॅटरी खर्च होते ती या ऐकण्यात आणि ताडून पाहण्यात.

पहिली काटकसर उसनवारीची आहे. आपण नेमके कोठे आहोत, हे उपग्रह स्वतःच सांगत असतो. पण त्याचे बोलणे फार संथ, सेकंदाला अवघे ५० बिट. स्वतःच्या कक्षेचा तपशील तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक सांगून होण्यास तर साडेबारा मिनिटे लागतात. इतका वेळ ऐकत बसण्याऐवजी फोन ही माहिती मोबाइलच्या जाळ्यातून काही क्षणांत मागवून घेतो. म्हणूनच शहरात स्थान चटकन सापडते आणि रेंज नसलेल्या शिवारात विलंब होतो. तेथे यंत्रणा बंद पडलेली नसते. फोन उपग्रहाचे म्हणणे स्वतः ऐकून घेत असतो, एवढेच.

दुसरी काटकसर पर्यायाची. ढोबळ अंदाज पुरेसा असेल, तेथे फोन जवळचे मोबाइल मनोरे व वाय-फाय यांवरून स्थान ठरवितो. हालचाल टिपणाऱ्या लहानशा संवेदकाने फोन स्थिर असल्याचे सांगितले, तर उपग्रहांचा नव्याने शोध घेणे टाळता येते. अँड्रॉईडच्या २०१७ मधील आठव्या आवृत्तीपासून, पडद्याआड चालणाऱ्या ॲपना तासातून मोजक्याच वेळा स्थान कळविले जाऊ लागले.

तिसरी काटकसर सर्वांत सूक्ष्म आहे. ॲप चालू असताना आणि नकाशावरील ठिपका हलत असतानाही उपग्रहांचे संदेश ऐकणारा भाग अखंड जागा असतोच असे नाही. अनेक फोनमध्ये तो प्रत्येक सेकंदाचा काही अंशच काम करतो आणि उरलेला वेळ डुलकी घेतो. रस्ता शोधणाऱ्यास याने काही बाधा येत नाही. मात्र सेंटिमीटरची अचूकता हवी असेल, तर उपग्रहाच्या रेडिओ लहरी खंड न पडता मोजाव्या लागतात. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. डुलकी लागली की मोजणीचा धागा तुटतो. संशोधकांना व ॲप तयार करणाऱ्यांना ही डुलकी थांबविता यावी, अशी सोय अँड्रॉईडच्या २०१८ मधील नवव्या आवृत्तीत देण्यात आली. परंतु तिने बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय फोनचा ॲंटेना लहान असल्यामुळे एवढ्याने फोन काही मोजणीयंत्र होत नाही.

मोकळ्या आकाशाखाली सामान्य स्मार्टफोनने दाखविलेले स्थान साधारणतः ५ मीटरच्या आत खरे असते. झाडांखाली, भिंतीलगत किंवा दरीत ही तफावत वाढते. पीक कोणत्या शेतात आहे, हे सांगण्यास एवढे बहुधा पुरते. परंतु बांध तर हात-दोन हात रुंदीचा! दोन भावांत बांधावरून वाद असता, कोणी फोनमधील नकाशा पुढे करून हद्द ठरवू लागला, तर पंचायत सदस्यांनी त्यास तेथेच थांबविले पाहिजे. हद्दीची मोजणी हे भूमी अभिलेख विभागाचे काम आहे. त्यासाठी तो विभाग जे रोव्हर यंत्र वापरतो, ते डुलकी न घेता लहरी मोजते आणि स्थिर संदर्भ केंद्राशी आपली मोजणी ताडून पाहते.

उलटपक्षी, घाईने केलेली नोंदही अन्यायकारक ठरू शकते. फोनने अद्याप मनोऱ्यावरून केलेला अंदाजच धरून ठेवलेला असताना बटण दाबले, तर शेतकऱ्याचे पीक भलत्याच गटात दिसते. आणि नुकसानभरपाईच्या वेळी त्या शेतकऱ्यास आपले खरेपण सिद्ध करीत बसावे लागते.

यास्तव क्षेत्रावर काम करताना काही पथ्ये पाळावीत. नोंदीपुरती बॅटरी बचतीची सोय बंद ठेवावी आणि ॲपला अचूक स्थानाची परवानगी द्यावी. झाडाच्या सावलीतून बाहेर येऊन मोकळ्या जागी मिनिटभर थांबावे. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ आक्रसले किंवा अचूकतेचा आकडा स्थिरावला की मगच छायाचित्र घ्यावे. काम संपताच ॲप बंद करावे आणि ‘ॲप वापरात असतानाच’ ही परवानगी निवडावी. म्हणजे दिवसभराच्या फिरतीत बॅटरी टिकेल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शाळेच्या पटांगणात नेऊन हाच प्रयोग करून दाखवावा. वर्गात आणि मोकळ्या मैदानात एकाच फोनवर मिळालेले आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर आकडा हा अंतिम शब्द नसून त्याला स्वतःची मर्यादा असते, हे मुलांना सहज पटेल.

फोन काटकसर करतो ती आपल्या सोयीसाठीच. परंतु ज्या नोंदीवर कोणाचे पीक, घर वा मजुरी अवलंबून आहे, तिच्यासाठी मिनिटभर वेळ आणि थोडी बॅटरी खर्च करण्यास आपण मागेपुढे पाहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.