इंजिनातले ताक

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझे एक स्नेही घाटमाथ्यावरच्या एका गावी माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. बरीच वर्षे पैसा पैसा जोडून त्यांनी एक जुनी मोटार घेतली. घरापासून शाळा तीन किलोमीटर. मोटार रोज तेवढीच चालायची. एके सकाळी त्यांनी इंजिनावरचे ऑइल भरायचे झाकण उघडले, तर आतून पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर! गॅरेजवाल्याने झाकण पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, "गुरुजी, इंजिनात पाणी शिरलंय. हेड उतरवावं लागणार." खर्चाचा आकडा ऐकून गुरुजी घाबरले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात जाणार होते. त्यांनी मला विचारले.

मी मिस्त्री नव्हे, पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. पण हा प्रश्न पदार्थविज्ञानाचाच होता.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. आश्चर्य वाटले ना? पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगातून हे पाणी बनते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन गार असले, की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव धरावे तशी ती थंड धातूवर जमते. तेल आणि पाणी घुसळले जाऊन त्याचे ताकासारखे मिश्रण होते. झाकण सगळ्यांत वर आणि गार, म्हणून तिथे ते आधी दिसते.

मग हे प्रत्येक गाडीत का दिसत नाही? कारण गाडी लांब चालली की ऑइल चांगले तापते, पाण्याची पुन्हा वाफ होते आणि वायुवीजनाच्या नळीतून इंजिनात ओढली जाऊन निघून जाते. तीन किलोमीटरांत हे घडत नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला, तरी तो कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. रोज थोडे पाणी साचते, निघून मात्र जात नाही.

मी गुरुजींना दोनच गोष्टी बघायला सांगितल्या. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गार होऊ द्या. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून पाहा: ऑइल स्वच्छ आहे की दुधाळ? आणि कूलंटच्या टाकीवर खूण करून आठवडाभर पाहा: पातळी उतरते का? पट्टीवरचे ऑइल स्वच्छ निघाले. कूलंट थेंबभरही कमी झाले नाही.

पण श्रोतेहो, म्हणून निष्काळजी होऊ नका. पट्टीवरचेच ऑइल दुधाळ असेल, त्याची पातळी न भरता वाढली असेल, कूलंट घटत असेल, इंजिन तापत असेल, किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला, तर हेडचे गॅस्केट फुटले असण्याचा संभव आहे. तशी गाडी चालवू नका; ओढूनच न्या. पाणीमिश्रित ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

गुरुजींनी झाकण पुसले, ऑइल बदलले आणि दर रविवारी तालुक्याच्या गावापर्यंत चाळीस किलोमीटर गाडी नेऊ लागले. थर कमी झाला, पण गेला नाही. दुसऱ्या मिस्त्रीने पाहिले, तर आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला! 'गाडी तापू नये' म्हणून आपल्याकडे असे सर्रास करतात. त्यामुळे इंजिन कायम गारच राहते. थर्मोस्टॅट बसवला आणि थर येणे थांबले. हेड जागेवर राहिले, फीही वेळेवर भरली गेली.

पहिल्या मिस्त्रीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याने झाकण पाहिले, पट्टी पाहिली नाही, इतकेच. तुमचा ट्रॅक्टर असो की पंपाचे डिझेल इंजिन, नियम हाच. उभ्या जागी पाच मिनिटे सुरू करून बंद करू नका. त्याने पाणी वाढते. वापर कमी असला, तरी ऑइल ठरल्या मुदतीला बदला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एका बाटलीत गोडे तेल घ्या, चमचाभर पाणी घाला आणि मुलांना जोराने हलवू द्या. तेल दुधाळ होईल, काही वेळाने पुन्हा वेगळे होईल. मग मुलांना विचारा, इंजिनातले ऑइल असे लवकर निवळत का नाही? उत्तर असे, की मळ धरून ठेवण्यासाठी त्यात घातलेली द्रव्ये पाण्याचे थेंबही धरून ठेवतात. एखाद्या मुलाच्या घरी उद्या असेच झाकण उघडले जाईल. तेव्हा तो वडिलांना म्हणेल, "बाबा, आधी पट्टी बघू या."