डॉ. कोटणीसांची डोंगरवाट
(संस्थेच्या वार्षिक सभेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



भंडारा हा तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा जिल्हा. डोंगर पाहावयाचा तर तुमसरच्या पुढे आंबागडाच्या बाजूस जावे लागते. अशा ठिकाणी मी चीनमधील एका डोंगरवाटेविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ती वाट तुडविणारा तरुण आपल्यासारखाच सपाट मुलखातला, सोलापूरचा होता. आणि त्याला तेथवर पोहोचविणारा पैसा लोकवर्गणीचा होता.

जपानने 1937 साली चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली आणि 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून देशभर निधी जमला. रक्कम बावीस हजार रुपये. एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर इतकाच तो संसार. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, सोबत कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आपल्या शेजारच्या नागपूरचे वडीलधारे डॉ. चोळकर आणि अवघे सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोट सुटली.

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षी डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता आली होती, तरी कोटणीस मागे फिरले नाहीत. 1939 च्या अखेरीस ते आघाडीकडे निघाले आणि खरी परीक्षा येथे सुरू झाली. पीत नदी ओलांडली की ताइहांग पर्वताचे कडे उभे राहतात. तेथे मोटारीचा रस्ता नाही. रुग्णवाहिकेचा उपयोग संपला. उरले पाय आणि खेचरे. हिवाळ्यात तेथील ओढे गोठतात, वारा अंगावरची बंडी भेदून जातो, आणि पोटाला भाकरीभात नव्हे, तर राळ्यासारख्या धान्याची पेज. पुढे उत्तरेकडील वुताइ पर्वताच्या प्रदेशात जावयाचे तर वाटेत जपान्यांच्या पहाऱ्यातील लोहमार्ग. तो ओलांडावयाचा तो रात्रीच्या अंधारात, सैनिकांच्या सोबतीने, न बोलता. गिर्यारोहणाची हौस म्हणून कोणी ही वाट धरणार नाही.

मग धरली का? याचे उत्तर शल्यविद्येत आहे. गोळी लागलेल्या मनुष्याचे आयुष्य तासांवर मोजावे लागते. रक्तस्राव थांबविण्यास उशीर झाला तर तो जातो. जखम वेळेवर स्वच्छ न झाली तर ती सडते. जखमी डोंगरात आणि रुग्णालय दूर खोऱ्यात, अशी स्थिती असेल तर रुग्णालयानेच डोंगर चढावा, हा विचार कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे रुजविला होता. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचराच्या पाठीवर मावेल असे लाकडी खोगीर त्यांनी बनवून घेतले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते 12 नोव्हेंबर 1939 रोजी गेले. त्यांचे कार्य पुढे चालविण्याचे कोटणीसांच्या वाट्यास आले. 1940 च्या एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या. आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. 1941 च्या जानेवारीत बेथ्यून रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. ते चिनी भाषेत शिकवीत. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट 1942 मध्ये पुत्र झाला.

आणि याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येत होते. आपल्याकडे त्यास मिरगी म्हणतात. झटका ओसरला की पुन्हा काम. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच व्याधीने त्यांचा अंत झाला. पुढे व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले. व्याधीचे नाव मात्र तितकेसे पोहोचले नाही, याची मला वैद्य म्हणून खंत वाटते.

कारण अंतराचा प्रश्न आपल्याही दारी आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत सर्पदंश झालेला गडी आधी मांत्रिकाकडे जातो, मग खाटेवरून सडकेपर्यंत, मग मिळेल त्या वाहनाने येथवर. वाटेत गेलेले तास कोणतेही औषध परत देत नाही. देणगीदारांनी या संस्थेच्या वाहनासाठी दिलेला रुपया मी म्हणूनच इमारतीच्या रुपयाहून मोठा मानतो. विश्वस्तांनी राग मानू नये.

आणि मिरगीचे रुग्ण? त्यांचे अंतर कोसांचे नसते, लाजेचे असते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपविला जातो, झटक्यात कांदा वा चप्पल हुंगविली जाते. योग्य औषधे नियमित घेतली तर दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात आणि त्यांतील जुनी औषधे स्वस्तही आहेत. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. झटका आला असता रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, तोंडात चमचा वा पाणी काहीही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर रात्र असो की पाऊस, तडक रुग्णालयात घेऊन यावे.