बांद्याचं जायफळ

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषयाच्या पाटीवर 'बांदा' वाचून निम्म्या मंडळींच्या डोळ्यांपुढे सावंतवाडीच्या पुढचं, गोव्याच्या वेशीवरचं बांदा आलं असणार. मघाशी चहा घेताना एका गृहस्थांनी मला तेरेखोलच्या पुराविषयी विचारलंसुद्धा. माझं बांदा फार लांब आहे. इंडोनेशियाच्या पूर्व भागात, विषुववृत्ताच्या साडेचार अंश दक्षिणेला. दोघांच्या नावांचा काही संबंध नाही.

येताना घरच्या फडताळातून ही वस्तू उचलून आणली आहे. मागच्यांना दिसणार नाही, पण वास ओळखाल. जायफळ. आजी सहाणेवर गुटी उगाळायची तेव्हा याचे मोजून वेढे घ्यायची, एकही जास्त नाही. श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत आपण ते किसून घालतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'जातीफल' आहे, म्हणजे ही ओळख निदान दीड-दोन हजार वर्षांची. आणि गंमत अशी, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत व्यापाराचं जायफळ पिकायचं ते फक्त त्या बांद्यात. साऱ्या जमिनीची बेरीज केली तरी पन्नासेक चौरस किलोमीटर भरेल, अशा दहाएक बेटांवर.

बांदा समुद्र काही ठिकाणी सात किलोमीटरहून खोल आहे. त्या खोलीतून एक ज्वालामुखी वर आला, कधीतरी फुटला, खचला, आणि त्याच्या कडेचे जे तुकडे पाण्यावर राहिले ती मधली बेटं. लोंथोर कोयत्यासारखं वाकडं, त्याच्यासमोर नैरा, आणि मध्ये नवा सुळका, गुनुंग आपी. मलय भाषेत गुनुंग म्हणजे डोंगर, आपी म्हणजे आग. उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास. 1988 साली तो फुटला, लोकांना बेटं सोडून पळावं लागलं, लाव्हा समुद्रात उतरला. पुढे त्याच लाव्ह्यावर प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढलं, की अभ्यासकही चकित झाले.

जायफळाला लागते ती अशीच राखेची, पाण्याचा निचरा होणारी माती. लागते दमट हवा आणि डोक्यावर सावली. ती सावली कनारीची उंच झाडं देतात, खारा वाराही तीच अडवतात. फळ पिकलं की मधोमध तडकतं आणि आत काळ्या कवचावर लालभडक जाळी दिसते. ती जायपत्री. तिच्या लाल रंगाला भुलून एक मोठं रानकबूतर अख्खं बी गिळतं आणि दुसरीकडे टाकतं. माणसाआधी बागा लावल्या त्या याने. बी वाळलं की कवचात खुळखुळ वाजतं. मग कवच फोडून जे मिळतं ते हे, माझ्या हातातलं. नर आणि मादी झाडं मात्र वेगळी, आणि कुठलं कोण हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आणि कलमं दिली, तेव्हा नारळाच्या बागेत जायफळ लावणाऱ्याची ही सहा वर्षांची धाकधूक संपली.

आता इतिहास. बांद्याला राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणजे मातब्बर घराण्यांतले पुढारी मिळून कारभार बघत. भात बेटांवर पिकत नसे. तांदूळ आणि साबूदाणा बाहेरून यायचा, कापड गुजरातचं आणि कोरोमंडलचं. पश्चिमेचा मोसमी वारा सुरू झाला की जावा-मलाक्काकडची गलबतं येत, वारा फिरला की जायफळ घेऊन परतत. बांदेकर स्वतःही दर्यावर्दी होते. आयत्या बागेत बसलेली भोळी माणसं, असं त्यांचं चित्र कोणी रंगवलं तर विश्वास ठेवू नका.

1510 मध्ये अल्फोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का, आणि 1512 मध्ये पोर्तुगीज जहाजं बांद्यात पोचली. त्यांना तिथे पाय रोवता आले नाहीत. 1599 मध्ये डच आले. 1602 मध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली आणि तिने करार पुढे केले, की जायफळ फक्त आम्हाला विकायचं. पण त्या बदल्यात डच देत काय? विषुववृत्ताच्या उकाड्यात लोकरीचं कापड! लोकांना हवा होता तांदूळ. तेव्हा त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना माल देणं चालू ठेवलं. याला डचांनी दगाबाजी म्हटलं. 1609 मध्ये वाटाघाटीला गेलेला डच नौदलप्रमुख व्हरहूव्हन नैरावर मारला गेला. त्याच्या ताफ्यात एक तरुण व्यापारी होता, यान पीटर्सझोन कून.

इथे बहुतेक वक्ते तुम्हाला रून बेटाकडे नेतात. तीनेक किलोमीटर लांबीचं, गोड्या पाण्याचा झरा नसलेलं बेट. 1616 पासून इंग्रजांच्या नॅथनिएल कोर्टहोपने ते मूठभर माणसांनिशी चार वर्षं धरून ठेवलं. पुढे 1667 च्या ब्रेडा तहात रून डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. जायफळ देऊन न्यूयॉर्क घेतलं म्हणून टाळ्या पडतात. मला हा किस्सा स्वस्त वाटतो. तह झाला तेव्हा ज्यांची ही बेटं होती ती माणसं जवळजवळ उरलीच नव्हती, हे त्यात कोणी सांगत नाही.

1621 मध्ये कून परत आला, आता गव्हर्नर जनरल होऊन. सोबत तेरा जहाजं, सोळाशेच्या वर सैनिक आणि भाडोत्री जपानी लढवय्ये. लोंथोर पडलं. सेलामोन गावात डच अधिकाऱ्याने मशिदीतच मुक्काम ठोकला होता. एप्रिलमधल्या एका रात्री तिथला टांगलेला दिवा खाली पडला. हल्ला झाला असं समजून शिपायांनी अंधारात बंदुका झाडल्या, आणि बांदेकरांचा कट होता असं दुसऱ्या दिवशी ठरलं. एका दिव्याचं एवढं निमित्त. 8 मे रोजी नासाऊ किल्ल्यापाशी 44 ओरांग कायांची मुंडकी जपान्यांच्या तलवारींनी उडवली. गावं जाळली. डोंगरात पळालेले उपासमारीने मेले, काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, शेकडोंना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. अंदाजे पंधरा हजार वस्तीपैकी हजारभर उरली.

मग बागांचे 68 तुकडे पाडले, ते डच मक्तेदारांना दिले आणि राबायला गुलाम आणले. बी दुसरीकडे रुजू नये म्हणून जायफळ चुन्यात बुडवून पाठवत. तरी 1770 च्या सुमारास फ्रेंचांच्या प्येअर प्वाव्रने रोपं मॉरिशसला पळवलीच. पुढे इंग्रजांनीही रोपं पेनांगला नेली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे. मक्ता गेला आणि बांदा विसरलं गेलं. इतकं, की डच सरकारला ते राजबंद्यांसाठी सोयीचं वाटलं. मोहम्मद हत्ता आणि सुतान शारीर 1936 पासून 1942 पर्यंत नैरावर होते. हत्तांबरोबर पुस्तकांच्या सोळा पेट्या होत्या. दोघं तिथल्या पोरांना शिकवत. पुढे हत्ता इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, शारीर पहिले पंतप्रधान. आज तिथल्या दोन बेटांना त्यांची नावं आहेत. कूनचा पुतळा हॉलंडमधल्या होर्न या त्याच्या गावी अजून उभा आहे. 2011 मध्ये क्रेनचा धक्का लागून तो पडला होता. वाद झाला, आणि पुन्हा उभा केला.

1621 मध्ये काही कुटुंबं रात्री होड्या काढून पूर्वेला निसटली आणि काई बेटांवर जाऊन राहिली. तिथे त्यांनी दोन गावं वसवली, बांदा एली आणि बांदा एलात. बांद्याची मूळ भाषा आज त्या दोन गावांत बोलतात. खुद्द बांद्यात आता मलय चालते.