उभे राहण्याचा प्रश्न



संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थसंकल्पावर बोलणारी विद्वान मंडळी या व्यासपीठावर येऊन गेली आहेत. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या फाटक्या पुस्तकांवर. तेव्हा हा माणूस गरोदर बाईच्या कमरेच्या दुखण्यावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. हा बायकांचा विषय, असे आम्हीही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. त्याची कबुली आधी देतो.

मरोळच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या बायका आठ तास उभ्याने काम करीत. एका वर्षी मागणीपत्रक लिहीत असताना त्यांतली एक म्हणाली, "दादा, त्यात स्टुलाचं घाला. सातवा महिना आहे. पाऊल उचललं की पुढच्या हाडात सुरी फिरल्यासारखं होतं." आम्ही लिहून घेतले, अकराव्या क्रमांकावर. वाटाघाटीत मालकाने बोनसचा आकडा थोडा वर सरकवला आणि आम्ही शेवटच्या चार मागण्या सोडून दिल्या. स्टूल त्यातच गेले. पंधरा दिवसांनी तिने राजीनामा दिला. बाळंतपणाची पगारी रजा पदरात पडण्यापूर्वीच. त्या बोनसचा आकडा काय होता, हे आज आम्हांला आठवत नाही.

हे दुखणे काय असते ते आम्ही पुढे एका महापालिका रुग्णालयातल्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडून समजून घेतले. कमरेखाली हाडांचा एक घेर असतो. पुढे ओटीपोटाच्या खाली एक सांधा आणि मागे माकडहाडाच्या वर, दोन बाजूंना, दोन सांधे. एरवी हे सांधे जवळजवळ हलत नाहीत. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो, आणि हे तीन सांधे सारख्या प्रमाणात हलत नाहीत. मग जांघेत, कमरेत, मांड्यांत कळ उठते. जिना चढताना, अंथरुणात कूस बदलताना, एका पायावर उभे राहून लुगडे किंवा सलवार घालताना ती जास्त जाणवते. सुमारे पाच गरोदर बायकांत एकीला हा त्रास होतो. बाळाला त्याने अपाय होत नाही, आणि बहुतेकींचा त्रास प्रसूतीनंतर ओसरतो. पण 'अपाय नाही' याचा अर्थ 'सहन कर' असा आमच्याकडे लावला जातो, तो चुकीचा आहे. लवकर दाखवले तर फरक पडतो.

आता आमच्या उपनगरातली बाई दिवसभरात काय करते ते पाहा. घाटकोपरच्या, भांडुपच्या टेकडीवरून पायऱ्या उतरायच्या, पाण्याची कळशी कमरेवर, धाकटे मूल कडेवर. मग अंधेरीचा पूल. गाडी आली की एक पाय फलाटावर आणि एक डब्यात, मागून लोंढा. एका पायावर सारा भार टाकणे हेच तर या दुखण्याला वर्ज्य! आत बसायला मिळाले तर नशीब. घरी आल्यावर उकिडवे बसून फडक्याने लादी पुसायची.

म्हणून काही साध्या गोष्टी. कपडे बसून घालावेत. कुशीवर झोपावे, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. उशी जास्तीची नसेल तर घडी केलेली गोधडी चालते. कूस बदलताना व उठताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळवावेत. जिना एकेक पायरीने चढावा. वर जाताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. एका खांद्यावर जड पिशवी नको, मूल कडेवर नको, मांडी घालून जमिनीवर तासन्‌तास भाजी निवडणे नको. लादी लांब दांड्याच्या पोछ्याने पुसावी, आणि खरे सांगायचे तर घरातल्या पुरुषाने पुसावी. (मागच्या बाकांवरची मंडळी हसली, पण आम्ही पुसतो.) अगदी अंथरूण धरू नये; दुखणार नाही इतपत हिंडतेफिरते राहावे. व्यायाम आणि कमरेचा पट्टा जाणकाराने शिकवल्याप्रमाणे वापरावा. दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. प्रसूतीच्या वेळी पाय किती फाकले की दुखते, हे तिथल्या बाईंना आधीच सांगून ठेवावे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, दिवस भरण्यापूर्वी ठराविक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, पाय बधिर होणे किंवा लघवीवर ताबा न राहणे, यांतले काहीही झाले तर ते हे दुखणे नव्हे. सासूबाईंचा सल्ला नंतर, आधी रुग्णालय.

आता आमच्या प्रांताकडे येतो. बाळंतपणाच्या रजेची लढाई याच मुंबईत लढली गेली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीपूर्वी व नंतर विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. सबंध देशासाठी १९६१ चा कायदा आला, २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. हे पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते एक छोटे पोटकलम. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीचे सहा आठवडे, आणि त्याआधीचा एक महिना, या काळात कामावर असलेल्या बाईने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. आणि गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, दाखला दिल्यास, आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत.

म्हणजे ज्या वेळी आम्ही स्टुलाची मागणी बोनसच्या बदल्यात सोडून देत होतो, त्या वेळी ते स्टूल मागायची गरजच नव्हती. तो तिचा हक्क होता. आम्ही कायदा वाचला होता, पण मजुरीची कलमे तेवढी.

या पोटकलमात दोन उणिवा आहेत. दुखणे पुष्कळदा पाचव्या-सहाव्या महिन्यातच सुरू होते. कायदा त्यानंतर जागा होतो. आणि 'विनंती केल्यास' हे शब्द. सीप्झमध्ये, दुकानात, मॉलमध्ये काम करणारी बाई पुरुष सुपरवायझरपुढे जाऊन जांघेतल्या दुखण्याचे काय सांगणार? घरकामाला जाणारी तर या चौकटीतच येत नाही. केरळात कोळिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी 'आम्हांला बसू द्या' म्हणून लढा दिला, आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक झाली. २०२१ साली तमिळनाडूनेही तेच केले. तिथे कुणी गरोदर आहे की नाही, हे विचारावेच लागत नाही.

आमच्या युनियनने आता एक अर्ज तयार केला आहे. त्यात दुखणे कुठे आहे हे लिहावे लागत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि 'मला बसून करण्याचे काम द्यावे' एवढेच. खाली बाईची सही. अर्ज नेऊन द्यायला आमची एक कार्यकर्ती सोबत जाते. कोरे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या घरी कुणी कामाला जाते, त्यांनीही जाताना एक उचलावा आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरात एक स्टूल ठेवावे.