उन्हाळी टोमॅटो आणि मल्चिंग पेपर



जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोच्या बेडवर मल्चिंग पेपर आता सर्रास दिसतो. तण दबतं, पाणी वाचतं, हा अनुभव अनेकांचा आहे. मात्र पेपर अंथरला की खालची जमीन नजरेआड होते. म्हणून आज सांगणं एवढंच, की पेपरवरच्या टोमॅटोला देखरेख जास्त लागते.

उन्हाळ्यात चंदेरी-काळा पेपर घ्या आणि चंदेरी बाजू वर ठेवा. ती ऊन परतवते, त्यामुळे माती कमी तापते. त्या चकाकीने पांढरी माशी आणि फुलकिडेही काही प्रमाणात दूर राहतात. काळी बाजू वर आली तर मुळांशी उष्णता वाढते. पेपरची जाडी 25 ते 30 मायक्रॉन असावी.

शेणखत आणि बेसल डोस आधीच मातीत मिसळा, कारण नंतर वरून खत देता येत नाही. ठिबकच्या नळ्या अंथरून पाणी सोडा, प्रत्येक ड्रीपर चालतोय ना ते बघा, मगच पेपर टाका. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करा. भर दुपारी प्लॅस्टिक प्रसरण पावलेलं असतं. रोप संध्याकाळी लावा. छिद्रातून गरम वाफ वर येते आणि तापलेल्या कडेला टेकलं की खोड भाजतं. म्हणून रोपाभोवती ओंजळभर माती लावून छिद्र बुजवा.

आता पाण्याचं. वरून बेड कोरडा दिसला म्हणून ठिबक तासन् तास चालू ठेवू नका. बेडच्या कडेचा पेपर उचलून, बोटभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला पण हाताला चिखल लागला नाही, तर ओल पुरेशी आहे. एकदम भरपूर पाणी देण्यापेक्षा थोडं थोडं, नियमित द्या. ओल कमी-जास्त झाली की झाडाला कॅल्शियम नीट उचलता येत नाही, फळाचं बूड काळं पडतं आणि फळं तडकतात.

पेपर हवेतली उष्णता मात्र कमी करत नाही. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा राहिला, तर परागकण निकामी होऊन फूल गळतं. पिकणाऱ्या फळाला लाल रंगही नीट चढत नाही. अशा वेळी पानं जास्त काढू नका. फळांवर पानांची सावली असू द्या, नाहीतर उन्हाचे चट्टे पडतात. शेताच्या कडेने लागवडीआधीच मका पेरलेला असेल तर गरम वाऱ्याला आडोसा मिळतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. पीक निघाल्यावर पेपर रोटाव्हेटरखाली घालू नका, बांधावर जाळू नका. त्याचे तुकडे मातीत वर्षानुवर्षं राहतात, आणि धूर आपल्याच घरात शिरतो. जाड पेपर अखंड निघतो. तो गुंडाळून पुनर्वापरासाठी घेणाऱ्याकडे द्या. पेपर काढण्याची मजुरी लागवडीच्या खर्चातच धरा. पुढचं पीक याच मातीत घ्यायचं आहे.