हिशोब आपला, चावीही आपलीच



आज मला घरखर्चाच्या मोबाईल ॲपवर बोलायचं आहे. ते बनवायचं कसं, त्यासाठी वेब सर्व्हिस कशा वापरायच्या आणि कुठे वापरायच्या नाहीत, एवढाच विषय आहे. समोर इंजिनिअरिंग-डिप्लोमाची मुलं-मुली आहेत, तशी कॉमर्स आणि डी.एड.चीही आहेत, म्हणून कोड फळ्यावर लिहिणार नाही. ज्यांना कोड लिहायचा आहे त्यांना दिशा मिळेल. बाकीच्यांना आपल्या फोनमधलं ॲप कोणाशी काय बोलतं हे कळेल, आणि आज त्याची गरज सगळ्यांनाच आहे.

आधी वेब सर्व्हिस म्हणजे काय ते पाहू. रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. ठरलेल्या नमुन्याचा फॉर्म भरून आत सरकवायचा. आतला माणूस काय करतो ते दिसत नाही. हातात तिकीट येतं, किंवा जागा नाही असं उत्तर येतं. वेब सर्व्हिस ही तशीच खिडकी, फक्त रांगेत माणसाच्या जागी ॲप उभं असतं. फॉर्म बहुतेक वेळा जेसन नावाच्या साध्या मजकुरात असतो. ‘गेट’ म्हणजे माहिती द्या, ‘पोस्ट’ म्हणजे नवी नोंद घ्या, ‘डिलीट’ म्हणजे नोंद काढा. उत्तरासोबत एक आकडा येतो. २०० म्हणजे काम झालं, ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट इथे नाही, ५०० म्हणजे बिघाड खिडकीच्या आत आहे.

या उदाहरणातली एक गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवा. फॉर्मवर जे लिहाल ते आतला माणूस वाचू शकतो आणि ठेवूनही घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक खिडकीसमोर एकच प्रश्न विचारायचा : माझं काम व्हायला या फॉर्मवर कमीत कमी काय लिहावं लागेल?

मी हे ॲप आमच्या घरासाठी आणि ओळखीच्या काही कुटुंबांसाठी लिहिलं. त्याचा पहिला नियम असा, की एकही खिडकी उघडी नसली तरी हिशोब लिहिता आला पाहिजे. नोंदी फोनमध्येच राहतात. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आधीपासून असतो, त्याला इंटरनेट लागत नाही. रक्कम रुपयांच्या दशांशात न साठवता पैशांच्या पूर्णांकात साठवा. साडेबारा रुपये म्हणजे १२५०. संगणकाच्या दशांश पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. वर्षभराच्या हिशोबात असा फरक दिसला, की माणसाचा ॲपवरचा विश्वास उडतो.

मग खर्चाची खाती. बाजारातल्या ॲपमध्ये खाण्यापिण्यापासून करमणुकीपर्यंतची खाती तयार असतात. आपल्या घरात भाडं, दूध, किराणा आणि ट्यूशनच्या जोडीला भिशीचा हप्ता असतो, गावी पाठवायचे पैसे असतात, लग्नातले आहेर असतात, रमजान आणि ईदचा खर्च असतो. भिशीचा हप्ता हा खर्च नाही, ती बचत आहे. आपला नंबर लागून रक्कम हातात आली तर ती कमाई नाही, आणि ज्याला पहिल्या महिन्यातच रक्कम मिळाली त्याच्या डोक्यावर तर ते देणं आहे. ॲपला हे कळलं नाही, तर ज्या महिन्यात भिशी लागली त्या महिन्यात घर श्रीमंत झाल्याचं दिसेल.

रमजानचं गणित आणखी वेगळं. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मार्चचा खर्च दर मार्चमध्येच येईल असं धरून चालणारं बजेट इथे कोलमडतं. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. बारा महिन्यांत एकदाच रक्कम बाजूला काढणाऱ्याची त्या वर्षी पंचाईत होईल.

इथे पहिली वेब सर्व्हिस समोर येते. इंग्रजी तारीख दिली की हिजरी तारीख देणाऱ्या मोफत सेवा आहेत, अलअधान ही त्यातली एक. फॉर्मवर फक्त तारीख लिहायची, माणसाचं नाव नाही की गाव नाही. ही निरुपद्रवी खिडकी. तरीही आधी पाहा, की ती लागते का? जावामध्ये आणि आयफोनच्या स्विफ्टमध्ये उम्म अल-कुरा पद्धतीचं हिजरी कॅलेंडर आधीपासून आहे. ती सौदी अरेबियाची पद्धत. आपल्याकडे चाँद दिसण्यावर महिना ठरतो, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. म्हणून मी सेवा न वापरता फोनमधलंच कॅलेंडर घेतलं आणि तारीख एक दिवस पुढे-मागे करायचं बटण दिलं. चाँद कधी झाला हे ॲपने सांगू नये. ते माणसांनी ॲपला सांगावं.

दुसरी सेवा चलनाच्या दराची. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत दुबई, रियाध, दोहाहून पैसे येतात. युरोपियन सेंट्रल बँक कामाच्या दिवशी संदर्भ दर जाहीर करते आणि ते मोफत मिळतात. त्या यादीत रुपया आणि डॉलर आहेत, दिरहम आणि रियाल नाहीत. पण अमिरातीचा दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ने, कतारी रियाल ३.६४ ने. समजा डॉलर ८४ रुपयांना आहे, तर ८४ भागिले ३.६७२५, म्हणजे दिरहम साधारण २२ रुपये ८७ पैशांना. कुवेती दिनार मात्र असा काढता येत नाही, तो अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला आहे. या खिडकीतही फॉर्मवर माणसाबद्दल काही नसतं. दर दिवसातून एकदा आणायचा, फोनमध्ये ठेवायचा आणि त्याखाली तारीख दाखवायची. हा दर अंदाजासाठी. पैसे पाठवणारी कंपनी आपला वेगळा दर लावते, म्हणून खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले रुपये माणसानेच लिहायचे.

आता अवघड खिडकी, बँकेची. सगळ्यांची मागणी एकच असते, ‘खर्च आपोआप लिहिला गेला पाहिजे.’ त्यासाठी तीन वाटा आहेत.

एक, ॲपला नेटबँकिंगचा पासवर्ड देणं. ही वाट बंद समजा. कोणत्याही ॲपला, कोणत्याही कारणासाठी नाही.

दोन, बँकेचे एसएमएस वाचणं. आयफोनवर ॲपला मेसेजचा डबा उघडताच येत नाही. अँड्रॉइडवर येतो, पण २०१८ पासून गूगल प्लेने त्यावर कडक अटी घातल्या आहेत. आणि त्या डब्यात बँकेच्या मेसेजसोबत ओटीपी असतात, दवाखान्याचे रिपोर्ट असतात, घरच्यांची खासगी बोलणी असतात. दुधाचे पैसे लिहायला एवढं दार उघडायचं का?

तीन, अकाउंट ॲग्रीगेटर. रिझर्व्ह बँकेने याची चौकट २०१६ मध्ये आखली आणि २०२१ मध्ये काही मोठ्या बँकांसह ती प्रत्यक्षात सुरू झाली. इथे मधला माणूस टपालवाल्यासारखा आहे. बँकेकडून माहिती कुलूपबंद निघते, ॲग्रीगेटर ती पोचवतो, पण उघडून वाचू शकत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळासाठी आणि किती वेळा, हे संमतीत लिहिलेलं असतं. खर्चाचा कल आणि बजेट हा तिथल्या मान्य हेतूंपैकीच एक आहे. दिलेली संमती मागे घेता येते. पण माहिती मागणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. तुम्ही-आम्ही हॉस्टेलच्या खोलीत बसून थेट जोडणी करू शकत नाही, अशा संस्थेबरोबरच काम करावं लागतं. ही अट मला योग्य वाटते.

माझ्या ॲपमध्ये नोंद हातानेच होते. खातं निवडा, रक्कम लिहा, झालं. रात्री दोन मिनिटं बसून लिहिलेला खर्च लक्षात राहतो. आपोआप लिहिला गेलेला खर्च बहुतेक वेळा कोणी पाहतही नाही.

एका घरातल्या दोन फोनवर तोच हिशोब हवा असेल, तर मात्र आपली स्वतःची वेब सर्व्हिस लागते. त्याबद्दल कोड लिहिणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पहिली, गावाकडे नेटवर्क जातं-येतं. नोंद सर्व्हरवर पोचते, पण पोच परत येत नाही. मग ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि किराणा दोनदा लागतो. यावर उपाय असा, की प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही. दुसरी, एखाद्या सशुल्क सेवेची गुप्त चावी ॲपच्या आत ठेवू नका. ॲप उघडून ती काढता येते. ती सर्व्हरवरच ठेवा. तिसरी, नोंदी फोनमध्येच कुलूपबंद करून मग पाठवा आणि कुलपाची चावी फक्त घरच्यांच्या फोनवर ठेवा. सर्व्हर चालवणाऱ्याला, म्हणजे मलासुद्धा, कोणाचा हिशोब वाचता येऊ नये.

एवढी काळजी कशासाठी? खर्चाची यादी ही माणसाची कुंडली असते. कोणत्या मशिदीत चंदा दिला, मटण कुठून घेतलं, कोणत्या डॉक्टरकडे गेलो, कोणत्या संघटनेची वर्गणी भरली, वकिलाला किती दिले, सगळं त्यात असतं. नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे, की काही बँका मुस्लिमबहुल भागांना नकारात्मक क्षेत्र ठरवत होत्या. तेव्हा त्यासाठी पत्ता पुरे होता. आज तुमचा फोन पत्त्याच्या कितीतरी पुढचं सांगतो. म्हणून माझं ॲप लोकेशन मागत नाही, फोनमधले नंबर मागत नाही, फोटो मागत नाही.

हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करणाऱ्या कर्जाच्या ॲपबद्दल तुम्ही ऐकलं असेल. त्यांचं हत्यार ते पहिल्या दिवशी दिलेलं ‘अलाऊ’ हेच होतं. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना फोनमधले नंबर, फाइल आणि कॉलची यादी घेऊ नका असं बजावलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती ठरावीक हेतूसाठी आणि त्याला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असावी. पण हक्क कागदावर असून भागत नाही. ‘डोन्ट अलाऊ’ हे बटण दाबायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते. आपल्या अम्मी-अब्बूंच्या फोनमध्ये कोणत्या ॲपला काय परवानगी आहे, हे आज घरी गेल्यावर बसून बघा.

घराच्या आतही हाच प्रश्न आहे. एका ओळखीच्या आपांनी मला विचारलं, ‘मी शिवणकामातून मिळवलेले पैसे यात लिहिले, तर ते घरातल्या सगळ्यांना दिसणार का?’ शरियतमध्ये बाईचा मेहर आणि तिची कमाई तिचीच आहे, हे व्याख्यानांतून सगळे सांगतात. मग ॲपमध्ये कुटुंबप्रमुख नावाचं एकच खातं आणि सगळ्या चाव्या त्याच्याकडे, असं का असावं? मी दोन वह्या ठेवल्या. एक घराची, सगळ्यांना दिसणारी, आणि एक ज्याची त्याची, फक्त तिच्या किंवा त्याच्या पिनने उघडणारी. ‘बायकोची वही बघायची सोय द्या’ अशी मागणी काही भाईंनी केली. ती सोय दिलेली नाही आणि देणारही नाही. ज्याला कुलूप करता येतं, त्याने चावी कोणाला द्यायची हे ठरवावंच लागतं. तिथे मी फक्त कोड लिहितो, असं म्हणून सुटता येत नाही.

जकातीबद्दल हमखास विचारलं जातं. ॲपमध्ये ती सोय आहे. निसाब सोन्याने धरला तर ८७.४८ ग्रॅम, चांदीने धरला तर ६१२.३६ ग्रॅम, दर अडीच टक्के, तोही चांद्रवर्षावर. सोनं धरायचं की चांदी, हे ॲप ठरवत नाही, तुम्ही निवडता. भाव आपल्या सराफाला विचारून लिहिता. ॲपने गुणाकार करावा, फतवा देऊ नये.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिल्या महिन्यात फक्त नोंद आणि बेरीज लिहावी, तीही इंटरनेट न वापरता. दुसऱ्या महिन्यात एकच वेब सर्व्हिस जोडावी, चलनदराची. ती बंद पडली तर ॲप काय करतं, हे विमान मोड लावून तपासावं. तिसऱ्या महिन्यात ॲप घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाच्या हातात द्यावं आणि आपण गप्प बसून बघावं. मराठी, उर्दू, जी भाषा घरात वाचली जाते, त्या भाषेत खाती लिहावीत.

आता प्रश्न विचारा. आणि कोणाला कोड बघायचा असेल, तर लॅपटॉप बरोबर आणला आहे.