फोन चालू, पण लागत नाही
(गणेशोत्सवाच्या तयारीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत कोणी डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलतात. यंदा अध्यक्षांनी मला पकडलं. मी राज्य सरकारच्या कचेरीत काम करणारा माणूस, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मोठा विषय मला झेपणार नाही. म्हणून विषय घेतलाय तळहाताएवढा. तुमच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क मोड’ नावाची एक जागा असते, तिच्याबद्दल बोलणार आहे. बहुतेकांनी ती कधी उघडलेली नाही. ज्यांनी उघडली त्यांनी स्पीड वाढवायला उघडली, आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

आपण लिंबायतमधली माणसं. निम्मं घर इथं आणि निम्मं अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, धरणगावकडं. कोणी लूमच्या खात्यात, कोणी रिंगरोडच्या मार्केटात, बायका घरी साड्यांना लेस लावतात. गावाकडं आई-वडील, शेती, भाऊबंद. आपल्याकडं फोन लागला नाही तर नुसता फोन लागत नाही असं नसतं, काहीतरी निरोप अडकून पडलेला असतो.

आता थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. २जी, ३जी, ४जी, ५जी म्हणजे काय? आपली ताप्ती लाईन डोळ्यांसमोर आणा. पॅसेंजर गाडी हळू जाते, पण व्यारा, सोनगड, नवापूर, लहान-मोठ्या सगळ्या ठेसनांवर थांबते. एक्सप्रेस झपकन जाते, पण सगळीकडं थांबत नाही. २जी ही पॅसेंजर. तिच्यावर व्हिडिओ चालणार नाही, पण साधा बोलण्याचा फोन चालतो, आणि अजून पुष्कळ आडगावांत तीच पोचते. ५जी ही एक्सप्रेस. तुमच्या फोनजवळ या सगळ्या गाड्यांची तिकिटं आहेत. कुठल्या गाडीत बसायचं हे फोन ठरवतो, आणि नेटवर्क मोड म्हणजे तुम्ही फोनला सांगता की बाबा, याच गाड्यांमध्ये बस, त्या गाड्यांकडं बघू नकोस.

३जीची गाडी जवळजवळ बंदच झालीय. एअरटेलनं आपलं ३जी २०२०पर्यंत देशभर बंद केलं. म्हणून जुन्या फोनमध्ये ‘फक्त ३जी’ असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

जिओचं प्रकरण वेगळं आहे, ते नीट ऐका. जिओ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, पुष्कळांना आठवत असेल, आरतीच्या रांगेत सिमच्याच गप्पा चालल्या होत्या. जिओनं २जी आणि ३जी काढलंच नाही, सुरुवातच ४जीपासून. म्हणजे त्यांच्याकडं पॅसेंजर गाडी नाहीच. मग बोलायचं कसं? तर आवाजसुद्धा इंटरनेटसारखाच ४जीवरून पाठवतात. याला व्होल्टे म्हणतात. काही फोनमध्ये ‘४जी कॉलिंग’ किंवा ‘एचडी कॉलिंग’ असंही लिहिलेलं असतं. हे बटण बंद असेल तर जिओच्या सिमवर साधा फोन येणार नाही आणि जाणारही नाही.

ही गोष्ट माहीत नसल्यामुळं काय होतं बघा. इथला मुलगा गावी जातो, आईचं रिचार्ज महाग पडतं म्हणून तिचा नंबर जिओत पोर्ट करून देतो. आईजवळ जुना बटणाचा फोन, २जीवाला. सिम त्यात बसतं, पण नेटवर्क येत नाही. मुलगा संध्याकाळच्या गाडीनं सुरतला परत. मग चार-चार दिवस ‘आईचा फोन बंद येतो’. आई तिकडं रोज चार्ज करून फोन उशाशी ठेवते आणि वाट बघते. पोर्ट करायच्या आधी फोन कुठला आहे ते बघा. ४जीचा बटणाचा फोनसुद्धा मिळतो, तो घेऊन द्या. नाहीतर तिचं जुनं सिम चालू ठेवा, दोन पैसे जास्त लागले तरी.

दोन सिमच्या जुन्या फोनांचीही अशीच गंमत आहे. काही फोनमध्ये ४जी एकाच खाचेत चालतं, दुसरी खाच फक्त २जीची. दुसऱ्या खाचेत जिओ घातलं की ते मुकं. सिम खराब आहे असं समजून दुकानात धावायच्या आधी खाच बदलून बघा.

आता आमच्या गल्लीतला एक प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही. माणूस रात्रपाळीला खात्यात. त्याच्या भाच्यानं मोबाईलवर तो प्रसिद्ध कोड दाबला, *#*#४६३६#*#*. हा कोड पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आतली तपासणीची पाटी उघडतो. तिथं त्यानं ‘एलटीई ओन्ली’ निवडलं, म्हणजे फक्त ४जी. स्पीड खरंच वाढल्यासारखा वाटला, मामा खूष. पण त्या फोनमध्ये व्होल्टे बंद होतं. पूर्वी फोन आला की मोबाईल दोन-तीन सेकंदांत ४जीवरून २जीवर उतरायचा, बोलणं झालं की परत चढायचा. भाच्यानं खाली उतरायचा जिनाच काढून टाकला. त्या रात्री गावाहून वडिलांना दवाखान्यात नेलं. भाऊ अकरा वेळा फोन लावत होता, पलीकडून एकच उत्तर: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आणि इकडं याच्या फोनवर व्हॉट्सॲप व्यवस्थित चालू! ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीचे मेसेज येत होते. त्यामुळं नेटवर्क नाही अशी शंकासुद्धा येणार नाही. सकाळी सातला शेजारच्यांनी खात्यात येऊन सांगितलं. वडील वाचले, पण ती रात्र भावानं एकट्यानं काढली आणि ते बोलणं त्यांच्या घरात अजून निघतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ‘ओन्ली’ हा शब्द असलेला कुठलाही पर्याय रोजच्या वापराला ठेवायचा नाही. त्या कोडच्या पाटीत ‘एनआर ओन्ली’ असंही असतं, म्हणजे फक्त ५जी. ते तर आणखी बेभरवशाचं. आपल्याकडं ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं, तेव्हा एअरटेलनं ते ४जीच्या आधारावर उभं केलं आणि जिओनं स्वतंत्र. ज्याचं ५जी ४जीच्या खांद्यावर बसलंय, त्याचं ४जी तुम्ही बंद केलं तर ते ५जी बसणार कुठं?

मग सेटिंग कुठं असतं? अँड्रॉइडमध्ये सेटिंग उघडा. कुठं ‘मोबाईल नेटवर्क’ असतं, कुठं ‘कनेक्शन्स’, कुठं ‘सिम कार्ड’. त्यात आपलं सिम निवडा. मग ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ किंवा ‘नेटवर्क मोड’ असं दिसेल. तिथं ५जी, ४जी, ३जी, २जी अशी सगळी नावं एका ओळीत आणि शेवटी ‘ऑटो’ असलेला पर्याय सर्वांत वर असतो. तोच राहू द्या. त्याच पानावर व्होल्टेचं बटण शोधा आणि चालू आहे का बघा. आयफोनवाल्यांनी मोबाईल डेटामध्ये ‘व्हॉइस अँड डेटा’ बघायचं.

मग बदलायचं कधी? कारण बदलायची वेळ येते, नाहीतर मी एवढं बोललोच नसतो.

एक म्हणजे घरात ५जीची रेघ येते-जाते तेव्हा. आपल्या गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं, वर तीन मजले, वरती पत्रा. ५जीच्या ज्या लहरी जास्त डेटा वाहतात त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आहेत. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकी ती भिंतीला लवकर हरते. आणि लोखंडी पत्र्यापुढं कुठलीच लहर फारशी टिकत नाही, खात्यात आत गेल्यावर रेघा उडतात त्या त्यामुळंच. अशा ठिकाणी फोन सारखा ५जीवरून ४जीवर, परत ५जीवर अशा उड्या मारतो. फोन गरम होतो, बॅटरी दुपारीच संपते. तिथं ५जी सोडून ‘४जी, ३जी, २जी ऑटो’ निवडा. व्हिडिओला ४जी पुरेसं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की ज्यांच्या रिचार्जमध्ये ५जीचा डेटा अमर्याद आहे, त्यांचा ४जीवर आल्यावर रोजचा ठरलेला डेटा खर्ची पडायला लागतो. पोरांना हे आधीच माहीत असतं, बापाला नसतं.

दुसरी वेळ विसर्जनाची. मिरवणुकीत एका टॉवरखाली हजारो माणसं येतात आणि सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाठवतात. रेघा पूर्ण दिसतात, पण काही जात नाही. रेघा म्हणजे टॉवरचा आवाज किती जोरात ऐकू येतो ते, गाडीत बसायला जागा आहे की नाही ते रेघा सांगत नाहीत. अशा वेळी एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर थोडा वेळ २जीवर टाकून साधा फोन लावून बघा, पुष्कळदा लागतो, कारण त्या गाडीत त्या वेळी गर्दी कमी असते. जिओवाल्यांनी ५जीवरून ४जीवर येऊन बघायचं, २जी निवडलं तर नेटवर्कच जाईल. नाहीच लागलं तर साधा एसएमएस करा, तो चिमुकला असतो, फटीतून निघून जातो. आणि लहान मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तिला टॉवर लागत नाही. मिरवणुकीहून घरी आलात की मोड परत ऑटोवर आणायचा. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी नेट चालत नाही म्हणून माझ्याच दारात याल.

तिसरी वेळ गावच्या वाटेवरची. आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, नवापूर आलं की फोन बंद करून ठेवायचे. ते ठेसन अर्धं गुजरातमध्ये, अर्धं महाराष्ट्रात. मोबाईल कंपन्यांच्या हिशेबातही तिथंच गुजरातचं सर्कल संपतं आणि महाराष्ट्राचं सुरू होतं. पुढं रोमिंग, येणाऱ्या फोनलाही पैसे. तो जमाना गेला, आता रोमिंगची भीती नाही. पण फोन एका सर्कलमधून दुसऱ्यात जाताना कधी कधी अडकतो, नाव दिसतं पण काम होत नाही. मोड बदलत बसू नका. विमानाचं चिन्ह असलेलं बटण चालू करा, दहा आकडे मोजा, बंद करा. फोन नव्यानं आपली हजेरी लावतो. सातपुड्याच्या बाजूला, अक्राणी-धडगावकडं जाणार असाल तर २जी बंद केलेलं नाही ना, तेवढं बघून निघा.

२जी बंद करण्याचंही एक बटण नव्या अँड्रॉइड फोनमध्ये आलंय. त्याला कारण आहे. २जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची ओळख तपासत नाही. म्हणून खोटा टॉवर लावून फसवता येतं. सुरक्षेच्या दृष्टीनं बटण चांगलं आहे. पण गावी जाणं-येणं असलेल्या माणसानं ते सरसकट बंद करून ठेवू नये, असं मला वाटतं.

कचेरीत माझ्यासमोर रोज माणसं उभी असतात, ‘साहेब, ओटीपी येत नाही’. बहुतेक वेळा त्यात नेटवर्कचा दोषच नसतो. आधारला जोडलेला नंबर जुना, तो बंद पडलेला, नाहीतर दुसऱ्या कोणाला मिळालेला. तेव्हा आधी नंबर तपासा, मग विमानाचं बटण, आणि मोडकडं सगळ्यांत शेवटी वळा.

एका फसवणुकीबद्दल सांगतो, ही माता-भगिनींनी विशेष ऐकावी. फोन येतो: ‘तुमचं सिम ४जीचं आहे, ५जी करून देतो, ओटीपी सांगा.’ किंवा ‘हा नंबर दाबा’ म्हणून चांदणी-चारशेएक-चांदणी आणि पुढं एक मोबाईल नंबर सांगतात. तो दाबला की तुमचे येणारे फोन त्यांच्याकडं वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा फोनसुद्धा. जिओ आणि एअरटेलचं ५जी चालायला आहे तेच ४जी सिम चालतं, फोन ५जीचा हवा. आणि ५जी चालू करायचं बटण तुमच्या सेटिंगमध्ये आहे, आत्ताच सांगितलं. त्याला कोणाचा ओटीपी लागत नाही. शंका आली तर ##००२# दाबा, वळवलेले फोन रद्द होतात. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० लावा, जेवढ्या लवकर तेवढी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

आणि ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं लिहून आलं तर घाबरू नका. तुमच्या कंपनीचा टॉवर लागत नाही, पण दुसऱ्या कोणाचा लागतोय. ११२ त्यावरून लावता येतो.

माझा वेळ संपला, अध्यक्ष घड्याळ बघतायत. पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळच्या आरतीनंतर मी मंडपात उजव्या बाजूला बसणार आहे. आपला फोन घेऊन या, गावाहून आजी आली असेल तर तिचा बटणाचा फोनही आणा. नेटवर्क मोड आणि व्होल्टे बघून देतो, आणि तिथूनच गावी एक फोन लावून खात्री करू. लॉक तुम्हीच उघडायचं, मला नंबर सांगायचा नाही. चार्ज करून आणा म्हणजे झालं, मंडपातला प्लग लायटिंगवाल्यानं आधीच घेतलेला आहे.